कुंभाराचा उन्हाळा

ऋतूंची खरी पारख शेतकऱ्याला असते असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु ऋतूशी ज्याचा व्यवहार शेतकऱ्याइतकाच घट्ट आणि त्याच्या नेमका उलट असतो, असा एक कारागीर आपल्या गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. तो कारागीर म्हणजे कुंभार होय. मृगाचे पाणी पडले की शेतकऱ्याचे वर्ष सुरू होते आणि कुंभाराचे संपते. सुगी सरली, शेते उघडी पडली, तळ्याचे पाणी आटून तळाची चिकण माती वर दिसू लागली, म्हणजे कुंभाराच्या चाकाला गती येते. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाचा पूर्वार्ध एवढीच त्याची खरी सुगी. या अडीच-तीन महिन्यांत जे घडले, वाळले आणि भाजले, तेच त्याला पुढे चातुर्मासात तारते. मातीच्या या ऋतुचक्राचा आणि त्यातून अलीकडे उदयास आलेल्या कलावंत-कुंभाराचा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे मांडावा, असा आमचा विचार आहे.

या विचारासाठी आम्ही जी भूमी डोळ्यांपुढे ठेवली आहे, ती उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यातील नंदिगड्ड्याच्या परिसराची. हे गाव कुंभारकामासाठी नावाजलेले नाही. परंतु मातीच्या इतिहासाचे तीन रस्ते त्याच्या आसमंतात येऊन मिळतात. उत्तरेस घाटमाथ्यावर मलप्रभेच्या काठचे खानापूर. तेथील माती आणि तेथील भांडी बेळगाव प्रांती सर्वश्रुत आहेत. पश्चिमेस सह्याद्री उतरला की गोमंतक. डिचोलीची मातीची भांडी तेथील घराघरांत गेली. आणि दक्षिणेस काळी नदी. ती याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ समुद्रास मिळते. मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा या खोऱ्यात एकाच अंगणात बोलल्या जातात. हा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, समाविष्ट झाला. राज्यांच्या सीमा बदलल्या, परंतु बाजारहाट आणि देवदेवतांचे संबंध त्या सीमांनी अडले नाहीत. मडके तर कोणत्याही सीमेस कधी जुमानीत नाही. घाटावरचे मराठी मडके खाली गोव्यात पोहोचले की ‘बुडकुलो’ होते आणि पणतीची ‘पणटी’ होते. आत शिजणारा भात आणि तेवणारी ज्योत तीच राहते.

मातीच्या पात्राला आपल्या धर्मजीवनात जे स्थान आहे, ते कोणत्याही धातूला नाही, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. सोमयागातील प्रवर्ग्य नामक विधीत ‘महावीर’ हे मातीचे पात्र तापवून त्यात तूप उकळतात आणि त्या उकळत्या तुपात गाईचे व शेळीचे दूध ओततात, तेव्हा अग्नीचा उंच लोळ उठतो. हे पात्र चाकावर न घडवता हाताने घडवावे आणि त्यासाठीच्या मातीत वारुळाची व वराहाने उकरलेली माती मिसळावी, असे विधान आहे. केरळातील पांजाळ या गावी एप्रिल १९७५ मध्ये जे अग्निचयन झाले, त्यातही असे मातीचे महावीर पात्र होते. तो महिना ऐन उन्हाळ्याचा होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. नवरात्रातील घट, संक्रांतीची सुगडे, विवाहातील मातीचे कलश, दीपावलीच्या पणत्या आणि शेवटी अंत्ययात्रेतील मडके, अशी जन्मापासून मरणापर्यंत कुंभाराची सोबत आपल्याला असते.

मराठी भूमीत या व्यवसायाचा सर्वांत जुना आणि सर्वांत गोड संगम पाहावयाचा तर धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे जावे. प्राचीन काळी याचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. सातवाहनकाळी येथे मातीच्या मूर्तींची कला भरभराटीस आली होती. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून त्यांतून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या सुबक आकृती येथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आस्थेने जमविलेल्या वस्तूंतून हे संग्रहालय उभे राहिले. आणि ज्या भूमीतून या मूर्ती निघाल्या, त्याच भूमीत बाराशे वर्षांनी संत गोरोबाकाका चिखल तुडवीत होते! त्यांच्या समाधीचा काळ परंपरेने शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ असा सांगितला जातो. भजनाच्या तंद्रीत पायाखाली आपलेच मूल आल्याचे भान त्यांना राहिले नाही, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. दुसरी कथा थापटण्याची. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी प्रत्येकाच्या मस्तकावर थापटणे मारून कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे, हे पाहिले आणि नामदेवांचे कच्चे ठरले. या कथेत अध्यात्म आहेच. पण ती सांगणाऱ्याला कुंभाराचा धंदा पुरता ठाऊक होता, हेही तीतून दिसते. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारली असता खणखणीत नाद येतो, कच्चे किंवा चिरलेले मडके बद्द वाजते. आजही मडके घेताना आपल्या आया-बहिणी हीच परीक्षा करतात.

आता उन्हाळाच का, हे समजून घेतले पाहिजे. ओल्या मातीतील पाणी उडून जाताना भांडे आकसते; साधारणतः शंभरात पाच ते दहा भाग ते वाळतानाच लहान होते. हे आकसणे सगळीकडे सारखे झाले तर भांडे टिकते. एक बाजू आधी वाळली आणि दुसरी ओली राहिली, तर चीर पडलीच म्हणून समजावे. म्हणूनच उन्हाळा हा कुंभाराचा मित्र असला तरी तो फार रागीट मित्र आहे. वैशाखाचा कडक वारा दाराच्या बाजूने लागला की रांगेतील मडकी त्याच अंगाला तडकतात. जाणता कुंभार त्यांना प्रथम सावलीत ठेवतो, अधूनमधून फिरवतो, बूड ठोकून घडवताना आतून गोटा आणि बाहेरून थापटणे अशा दुहेरी माराने माती दाबून घेतो आणि मग शेवटी उन्हात मांडतो. मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळण्यामागेही हाच हेतू असतो. लीद जळून जाते आणि मागे राहिलेल्या सूक्ष्म छिद्रांतून वाफेला वाट मिळते. त्याच छिद्रांतून पुढे माठातील पाणी पाझरते, बाहेर येऊन उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाच्या गारव्याचे रहस्य एवढेच आहे.

भांडे वाळले म्हणजे काम संपले, असे नव्हे. आव्यात शंभर अंशांच्या सुमारास उरलेसुरले पाणी वाफ होऊन उसळते, आणि आच घाईने दिली तर भांडे फुटून त्याच्या ठिकऱ्या शेजारच्या भांड्यांनाही घेऊन जातात. ५७३ अंशांना मातीतील गारगोटीचे कण एकाएकी फुगतात आणि निवताना त्याच टप्प्यावर आकसतात. त्यामुळे आवा घाईने उघडणे हेही घाईने पेटवण्याइतकेच घातक ठरते. गावचा उघडा आवा सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जातो. झिलईच्या पक्क्या दगडी भांड्यांना बाराशे ते तेराशे अंशांची भट्टी लागते. आणि एवढे सगळे सांभाळूनही ज्येष्ठाच्या आरंभी एखाद्या संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला, तर पेटलेला उघडा आवा एका घटकेत मातीमोल होतो. सह्याद्रीच्या कुशीत तर हे भय विशेष. मृगाआधीचे ढग पाहून शेतकरी हसतो आणि कुंभार देवाला हात जोडतो, ते यामुळेच.

हा धंदा शतकानुशतके असाच चालत आला. त्याला पहिला मोठा धक्का एकोणिसाव्या शतकात बसला. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळुरास जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला आणि पाहता पाहता मंगळुरी कौल पश्चिम किनाऱ्यावरील घरांवर आणि देवळांवरही चढले. कुंभाराच्या हाताने घडणारे गोल नळीचे कौल मागे पडले. त्याच सुमारास मुंबईत एक वेगळी धडपड चालली होती. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात कुंभारकामाची कार्यशाळा चालविली. त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. अजिंठ्याचे हे आकृतिबंध मग कलाशाळेच्या झिलईदार भांड्यांवरही उतरले. भांडे हे केवळ पाणी भरण्याचे साधन नसून ते पाहण्याचीही वस्तू आहे, हा विचार आपल्याकडे संस्थेच्या रूपाने प्रथम तेथे रुजला. परंतु तेथे आकृती काढणारा एक आणि चाक फिरवणारा दुसरा, अशी विभागणी होती. माती मळण्यापासून भट्टी उघडण्यापर्यंत सर्व काम एकाच हाताने आणि एकाच मनाने करणारा कलावंत-कुंभार, ज्याला आज ‘स्टुडिओ पॉटर’ म्हणतात, तो अजून यावयाचा होता.

त्याच्या आगमनाची कथा मोठी मनोरंजक आहे, कारण तिचा आरंभ कामातून नव्हे, करमणुकीतून झाला. १९११ मध्ये तोक्यो येथे एका मेजवानीच्या प्रसंगी पाहुण्यांना कच्ची भांडी रंगवावयास दिली आणि ती लगेच लहानशा भट्टीत भाजून देण्यात आली. पाहुण्यांत बर्नार्ड लीच नावाचा तरुण इंग्रज चित्रकार होता. तापून लाल झालेले भांडे चिमट्याने बाहेर निघताना पाहून तो या विद्येला कायमचा लागला. १९२० मध्ये शोजी हमादा यांच्यासह त्याने इंग्लंडच्या सेंट आइव्ह्‌ज गावी कार्यशाळा थाटली. आरंभीची भट्टी नीट जमली नाही. शेवटी जपानहून आलेल्या मात्सुबायाशी यांनी चढणीची नवी भट्टी बांधून दिली. आरंभीचे हे अपयश लीच यांच्या चरित्रकारांनी झाकून ठेवले नाही, आणि ते योग्यच झाले.

आपल्या देशातून सरदार गुरुचरण सिंग हे १९१९ मध्ये जपानला गेले आणि याच मंडळींच्या सहवासात ही विद्या शिकून आले. १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी’ सुरू केली. त्याच वर्षी अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्याकडे आली. १९०३ मध्ये मंगळुरात सारस्वत कुळात जन्मलेल्या या विदुषीने देशभरच्या कारागिरांना जो आधार दिला, त्याचा आपल्या समाजाला सार्थ अभिमान वाटतो. १९५० नंतरच्याच दशकात खादी-ग्रामोद्योगाच्या कार्यातून खानापुरास ग्रामीण कुंभारकामाचे केंद्रीय शिक्षणकेंद्र उभे राहिले. घाटमाथ्यावरील त्या मातीची योग्यता अशा रीतीने देशाने मान्य केली.

मराठी भूमीत कलावंत-कुंभाराची वाट मात्र शांतिनिकेतनावरून आली, आणि येथे आमच्या काळी नदीचा एक धागा गुंफलेला आहे. १८८३ च्या सुमारास तरुण रवींद्रनाथ ठाकूर आपले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे कारवारास राहावयास आले होते. सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते. एका चांदण्या रात्री ही मंडळी होडीतून काळी नदीत वरपर्यंत गेली, डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी उतरली, एका शेतकऱ्याच्या स्वच्छ सारवलेल्या अंगणात बसून जेवली आणि परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली. शेवटी मुखापाशी उतरून वाळूतून चालत घरी आली. ही आठवण कवीने पुढे आपल्या आत्मकथनात मोठ्या प्रेमाने नोंदविली आहे, आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे त्यांचे नाटक याच कारवारच्या मुक्कामात लिहिले गेले. मोकळ्या आकाशाखाली शिक्षण, हाताला काम आणि निसर्गाशी सख्य, या विचारांनी त्यांनी पुढे शांतिनिकेतन उभारले. एका रात्रीच्या नौकाविहारातून विद्यापीठ निघाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मोकळ्या हवेतील विश्रांती ही आळसाची नव्हे, तर निर्मितीची सखी असते, याचा दाखला आमच्या नदीच्या पाण्यावर लिहिलेला आहे, एवढे म्हणण्याचा अधिकार आम्हांस आहे.

त्याच शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले. १९६२ पर्यंत त्यांनी तेथे नयी तालीमच्या मुलांना चित्रकला आणि मातीकाम शिकविले. विदर्भाचा उन्हाळा कसा असतो, हे सांगावयास नको. त्या उन्हाळ्यात मुलांच्या हातून घडणारे ओबडधोबड भांडे हाही शिक्षणाचा पाठ आहे, अशी त्यांची धारणा होती. शांतिनिकेतनाचेच संस्कार घेऊन आलेल्या दुसऱ्या कलावती म्हणजे निर्मला पटवर्धन. त्यांचा जन्म सिंधमधील हैदराबादेत झाला, आणि विवाहाने त्या अहमदनगरच्या पटवर्धन घराण्यात आल्या. स्वातंत्र्यसैनिक रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे दीर. आपल्या देशात मिळणाऱ्या माती-खनिजांतून झिलई कशी सिद्ध करावी, याविषयीचा त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कुंभारकाम शिकणाऱ्यांच्या हाती तो आजही दिसतो. ज्या व्यवसायात कृती गुप्त ठेवण्याची प्रथा, त्यात त्यांनी आपली वही सर्वांसाठी उघडली. हे औदार्य भांड्याच्या सौंदर्याहून कमी मोलाचे नव्हे. त्यांचे चिरंजीव, चित्रपटकार आनंद पटवर्धन यांनी आईवडिलांवर केलेला ‘वसुधैव कुटुंबकम्’ हा माहितीपट २०२३ मध्ये रसिकांसमोर आला.

कलावंत-कुंभाराजवळ आज विजेचे चाक असते, वायूची भट्टी असते, उष्णता मोजण्याचे यंत्र असते. तरी त्याचा उन्हाळा गावच्या कुंभाराच्या उन्हाळ्याहून फारसा निराळा नाही. वारा तसाच तडे पाडतो, वीज नेमकी भट्टीच्या वेळी जाते, झिलई ओघळून भांडे फळीला चिकटते आणि महिन्याच्या श्रमांतून चार भांडी हाती लागतात. मातीची अट अशी की, ती वाळेपर्यंत कारागिराने थांबलेच पाहिजे, आणि भट्टी निवेपर्यंत पुन्हा थांबलेच पाहिजे. हे सक्तीचे थांबणे हाच कुंभाराचा अवकाश. काळीच्या खोऱ्यात अशा दिवसांत रानात करवंदे आणि जांभळे पिकलेली असतात, अंगणात आमसुले वाळत पडलेली असतात, नदीच्या डोहात मुले डुंबत असतात. माघात उळवीची जत्रा आणि फाल्गुनात शिगमा झालेला असतो. पूर्वीचे कुंभार जत्रेला जात ते विकावयासही आणि पाहावयासही. कामाचे आणि विसाव्याचे असे एकजीव होणे हे कारखान्याच्या भोंग्याला साधलेले नाही.

परंतु या खोऱ्यातील माती आणि लाकूड या दोहोंचाही इतिहास गेल्या पन्नास वर्षांत पालटला आहे. १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ मध्ये पुरे झाले आणि ज्या गावावरून पूर्वी हा तालुका ओळखला जाई, ते जुने सुपे जलाशयाखाली गेले. विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगरास नवी घरे मांडली. अणशीचे राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प आला आणि २०१५ पासून तो काळी या नावाने ओळखला जातो. वीज देशाला हवी होती आणि वाघही जगला पाहिजे, याविषयी दुमत नाही. तथापि नदीकाठची शेते आणि त्यांची गाळाची माती पाण्याखाली जाणे, रानातील जळाऊ लाकूड दुर्मिळ होणे, याची किंमत या खोऱ्याच्या हातकामाला मोजावी लागली, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले पाहिजे.

मग या विद्येला आधार कोणाचा? आमचे लक्ष येथे देवालयांकडे वळते. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात महाप्रसाद आजही मातीच्या नव्या हंड्यांत शिजतो. भांडे एकदा वापरले की पुन्हा स्वयंपाकात घेत नाहीत. त्यामुळे तेथील कुंभारांना नित्याचे काम मिळते. राजाश्रय गेला, बाजार पालटला, पण देवाच्या स्वयंपाकघराने कुंभाराचे चाक थांबू दिले नाही. आमच्याकडेही असा एक दाखला आहे. तो म्हणजे घुमट. दोन तोंडांच्या या मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याला अटकाव झाला आणि आता शेळीच्या कातड्याचा उपयोग होतो. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसावाद्याचा मान दिला. देवळातील आणि चतुर्थीच्या आरतीतील घुमटाचा नाद ज्याने ऐकला आहे, त्याला हे सांगणे नलगे की, तो नाद अर्धा वादकाचा आणि अर्धा कुंभाराचा असतो. कातडे बदलले तरी चालले. माती बदलून चालणार नाही.

आमचे नम्र मागणे एवढेच आहे की, आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी दीपोत्सवाच्या पणत्या, नवरात्राचे घट आणि प्रसादाची पात्रे यांची मागणी उन्हाळ्याच्या आरंभीच जवळच्या कुंभाराकडे नोंदवावी. सण तोंडावर आल्यावर केलेली मागणी कुंभाराच्या उपयोगी पडत नाही, कारण तेव्हा पाऊस पडत असतो किंवा नुकताच सरलेला असतो आणि त्याचा आवा थंड असतो. चैत्रात दिलेला शब्द आणि थोडी आगाऊ रक्कम मात्र त्याचा सबंध उन्हाळा उभा करू शकते. साच्यातील पणती स्वस्त पडेल. पण तिच्यामागे कोणा घराची चूल पेटलेली नसते. आपल्या गर्भागारात ज्योत लावताना ती कोणाच्या हातच्या मातीत तेवते आहे, हे ठाऊक असणे हाही पूजेचाच एक भाग आहे, असे आम्हांस वाटते.